शिडाच्या नौकेची खीळ



धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाहीं. तेरणा, मांजरा, सीना, बोरी या येथल्या नद्या. आणि उन्हाळा कडक झाला म्हणजे त्यांच्या पात्रांतून माणूस पायीं पलीकडे जातो. अशा मुलुखांत शिडाच्या नौकेची डोलकाठी, तिचे तणावे आणि ते जागच्या जागीं धरून ठेवणाऱ्या खिळी यांचा विषय काढणें प्रथमदर्शनीं विसंगत वाटेल. परंतु समुद्राशीं या जिल्ह्याचें नातें फार जुनें आहे, आणि तें जोडलें होतें बैलगाडीनें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या एका अज्ञात व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांचें वर्णन लिहून ठेविलें. ‘पेरिप्लस’ या नांवानें तें प्रसिद्ध आहे. त्यांत पैठणच्या पूर्वेस सुमारें दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ नांवाच्या मोठ्या नगराचा उल्लेख येतो. तेथील साधें कापड आणि मलमलीचे नाना प्रकार गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या बिकट प्रदेशांतून, भडोचच्या बंदरास नेले जात, असें तो सांगतो. हें तगर म्हणजेच धाराशिव जिल्ह्यांतील तेर, हें फ्लीट या पंडितानें इ. स. १९०१ मध्यें साधार प्रतिपादिलें. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयांत ठेविलेल्या प्राचीन वस्तु पाहिल्या म्हणजे या लहानशा गांवाचा हात रोमपर्यंत कसा पोहोंचला होता, याची साक्ष पटते.

तेरचा माल बंदरापर्यंत जाई तो गाडीवर, आणि बंदराच्या पुढें जाई तो शिडाच्या गलबतावर. या दोन वाहनांत दिसण्यांत कांहींच साम्य नाहीं; तरी एका गोष्टींत दोघांचें दैव सारखें. गाडीचें चाक आंसावर टिकतें तें आंसाच्या टोकाशीं घातलेल्या एका खिळीमुळें. ती गळली तर बैल कितीहि तगडे असोत, गाडी आडवी होते. गलबताची डोलकाठीहि अशाच बोटाएवढ्या वस्तूंवर उभी असते. ज्यांनीं बैलगाडीनें येरमाळ्याची चैत्री यात्रा केली आहे, त्यांना निघण्यापूर्वीं खाली वांकून खीळ चांचपून पाहणारा गाडीवान आठवत असेल. जगाची प्रदक्षिणा करणारा दर्यावर्दीहि रोज सकाळीं तेंच करितो.

चांगल्या खिळीला दोन गुण लागतात. ती आपण होऊन कधींहि सुटूं नये, हा पहिला. माणसानें सोडूं म्हटलें म्हणजे ती तत्काल सुटावी, हा दुसरा. पहिला गुण सर्वांना सुचतो. दुसऱ्याचें महत्त्व संकट आल्यावांचून कळत नाहीं. या दोहोंचा मेळ घालणें हीच नौकेचा साज पक्का करण्याची सारी विद्या होय.

प्रथम हा साज म्हणजे काय तें पाहूं जातां तमाशाच्या तंबूचा दृष्टांत उपयोगी पडेल. तंबूचा मधला खांब आपल्या बळावर उभा नसतो. चोहोंकडून ताणलेले तणावे त्याला उभा ठेवितात. एका बाजूचे तणावे सुटले कीं खांब दुसऱ्या बाजूला कोसळलाच. नौकेच्या डोलकाठीचें असेंच आहे. तिच्या शेंड्यापासून एक तार पुढें नाळेकडे जाते, एक मागें येते आणि कांहीं दोन्ही कडांना उतरतात. भेद इतकाच कीं, तंबूच्या मेखा स्थिर जमिनींत असतात, तर डोलकाठीचे तणावे ज्या सांगाड्याला बांधलेले असतात तो स्वतःच अहोरात्र डोलत आणि आदळत असतो.

गोव्यांत मांडवी नदींतील दिवाडी बेटावर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या भारतीय नौदलाच्या दोन शिडाच्या नौका आज सर्वश्रुत आहेत. प्रत्येकीची लांबी ५६ फूट. ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनीं इ. स. २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असें करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेवरून अभिलाष टॉमी यांनीं इ. स. २०१२-१३ मध्यें कोठेंहि न थांबतां तोच पराक्रम केला. ‘तारिणी’वरून इ. स. २०२४-२५ मध्यें दिलना के. आणि रूपा ए. या दोन नौदल-अधिकारी स्त्रियांनीं गोव्याहून निघून सुमारें आठ महिन्यांनीं पुनः गोव्यास येईपर्यंत २५ हजारांहून अधिक सागरी मैल तोडले. एवढ्या काळांत नौकेवर तिसरें माणूस नव्हतें. लाट लक्षावधि वेळां आदळली, डोलकाठी लक्षावधि वेळां थरथरली, आणि त्या प्रत्येक थरथरीबरोबर प्रत्येक पेंचाला आणि प्रत्येक खिळीला किंचित् सैल होण्याची एक संधि मिळाली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे प्रश्नाचें खरें स्वरूप समजतें.

आतां एका जोडाची रचना पाहावी. तणाव्याची तार पोलादाची, न गंजणाऱ्या जातीची आणि बहुधा १९ तंतु पिळून केलेली असते. १० मिलिमीटर जाडीची अशी तार तुटावयास सुमारें ७ टनांचा ओढा लागतो. तारेच्या खालच्या टोकाशीं ताण कमीजास्त करण्याचा पेंच असतो. त्यालाच टर्नबकल म्हणतात. टर्नबकलच्या बेचक्यांत नौकेच्या कडेवरील जाड पोलादी पट्टी बसते आणि दोहोंच्या भोकांतून एक आडवी खीळ आरपार जाते. या खिळीच्या एका टोकाला डोकें असतें. दुसऱ्या टोकाशीं बारीक छिद्र असून त्यांत मोटारीच्या गॅरेजांत मिळते तसलीच एक स्प्लिट पिन घालून तिचे पाय फांकवितात. टनावारी भार तारेवर आणि आडव्या खिळीवर पडतो. स्प्लिट पिनवर जवळजवळ कांहींच नाहीं. तिचें काम पहारेकऱ्याचें: आडव्या खिळीला जागेवरून सरकूं न देणें. पहारेकरी गेला तर आंतला बळकट माणूसहि उपयोगी पडत नाहीं. डोलकाठी गमावल्याच्या कहाण्यांत तार तुटल्याच्या गोष्टी असतात, तशाच कांहीं ग्रॅम वजनाची पिन हरवल्याच्याहि असतात.

ही हानि होते कशी, हें समजणें अगत्याचें आहे. वारा एका कडेकडून आला म्हणजे नौका दुसऱ्या कडेला कलते. वाऱ्याकडील तणावे ताठ होतात. आडोशाकडचे तितकेच ढिले पडतात. सामान्य माणसाची नजर ताठ तणाव्याकडे जाते, कारण भार तेथें दिसतो. परंतु ताठ तणाव्यांतली खीळ घट्ट आवळलेली असते. तिला सरकावयास जागाच नसते. धोका वसतो ढिल्या बाजूला. तेथें खीळ भोकांत खुळखुळते, पेंच हेलकाव्यासरशी अंशाअंशानें फिरतो आणि पिन नसेल तर खीळ हळूहळू बाहेर येते. तोंवर कांहीं बिघडलेलें दिसत नाहीं. नौका तासन् तास सुखानें चालते. मग दिशा बदलण्याची वेळ येते, सुकाणू फिरतें, शीड दुसऱ्या बाजूला जातें, आणि जो तणावा आतांपर्यंत निवांत लोंबत होता त्यावर एकाएकीं सारा भार येऊन पडतो. डोलकाठी कोसळते ती त्या क्षणीं. चूक मात्र पुष्कळ आधीं, शांत वेळीं, कोणाचें लक्ष नसतांना झालेली असते.

म्हणून जाणते खलाशी कांहीं नियम काटेकोरपणें पाळतात. आडवी खीळ भोकाच्या मापाचीच असावी. बारीक खीळ मोठ्या भोकांत घातली तर ती डुलते आणि भोक झिजवून लांबट करिते. खीळ उभी बसावयाची असेल तर तिचें डोकें वरच्या अंगास ठेवावें, म्हणजे पिन गळाली तरी निदान आपल्या वजनानें ती जागेवर राहील. एकदां काढलेली स्प्लिट पिन पुनः वापरूं नये. वांकवून सरळ केलेला धातू पुढच्या वांकवणींत मोडतो, आणि नव्या पिनची किंमत डोलकाठीच्या किमतीपुढें कांहींच नाहीं. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तसली गोल कडी पिनच्या जागीं घालण्याचा मोह होतो, कारण ती घालावयास सोपी. परंतु जेथून दोर घासत जातात तेथें दोराचा एखादा पेड तिच्यांत अडकून ती उलगडली जाते. अशा जागीं कडी घालूं नये.

टर्नबकलचे दोन आटे परस्परविरुद्ध असतात, एक उजवा आणि एक डावा. म्हणूनच मधला भाग फिरविला कीं दोन्ही टोकें जवळ येतात. परंतु ज्या रचनेनें माणसाला ताण देणें सोपें होतें, तिच्याच योगें थरथरीला ताण सोडणेंहि सोपें होतें. म्हणून ताण दिल्यावर आट्यांच्या छिद्रांतून पिन घालून किंवा तार ओवून दोन्ही टोकें फिरणार नाहींत असें करितात. नुसती नट आवळून ठेवण्यावर अनुभवी माणूस विसंबत नाहीं, कारण जी थरथर पेंच सैल करिते तीच नटहि सैल करिते. नालाच्या आकाराची जी कडी शॅकल म्हणून ओळखली जाते, तिच्या पेंचदार खिळीच्या डोक्याला मुद्दाम एक भोक ठेविलेलें असतें. त्यांतून मऊ तार ओवून ती शॅकलच्या अंगाला बांधावयाची, आणि बांधतांना ओढ अशी ठेवावयाची कीं, खीळ फिरलीच तर ती आवळण्याच्याच दिशेनें फिरावी. जेथें हात सहज पोहोंचत नाहीं, विशेषतः डोलकाठीच्या शेंड्याशीं आणि नांगराच्या साखळींत, तेथें हें बंधन चुकवूं नये.

येथवर पहिल्या गुणाचा विचार झाला. नवशिका येथेंच थांबतो, आणि उत्साहाच्या भरांत पिनचे पाय पक्कडीनें पुरे वळवून खिळीभोंवतीं गुंडाळून टाकितो. काम मजबूत झालें असें त्याला वाटतें. जुने कारागीर मात्र प्रत्येक पाय सुमारें दहा अंशच फांकवितात. तेवढ्यानें ती आपण होऊन निघत नाहीं, आणि पक्कडीच्या एका दाबानें पाय जुळवून ती ओढून काढतां येते. असें करण्याचें कारण वादळांत कळतें.

इ. स. २०१८ मध्यें अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब या एकट्यानें करावयाच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतींत उतरले होते. त्यांची ‘थुरिया’ ही नौका गोव्यांत बांधलेली, आणि ती ‘सुहेली’ या जुन्या नौकेची प्रतिकृति होती. ही ‘सुहेली’ मूळची मुंबईंत बांधलेली. तीवरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनीं इ. स. १९६८-६९ मध्यें जगांत प्रथमच एकट्यानें, न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली होती. २१ सप्टेंबर २०१८ रोजीं दक्षिण हिंदी महासागरांत, ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहरापासून सुमारें १९०० सागरी मैलांवर, प्रचंड वादळानें ‘थुरिया’ला उलथवून तिची डोलकाठी मोडली. ही वादळाची करणी होती. खीळ सुटल्याची नव्हे. अभिलाष यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली आणि ते बिछान्यावर खिळून राहिले. नौदलाच्या टेहळणी विमानाला नौका सांपडली तेव्हां मोडलेली डोलकाठी तिच्या कडेला लोंबत होती. २४ सप्टेंबर रोजीं फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या जहाजानें त्यांची सुटका केली.

त्या दृश्यांत सांगावयाचा अर्थ भरलेला आहे. मोडलेली डोलकाठी समुद्रांत पडून नाहींशी होत नाहीं. तणावे शाबूत असतात, तेच तिला नौकेशीं बांधून ठेवितात. आणि प्रत्येक लाटेसरशी ती ओंडक्यासारखी नौकेच्या अंगावर आदळत राहते. तिनें नौकेला भोंक पाडण्यापूर्वीं तिला तोडून दूर लोटावी लागते. जाड पोलादी तार हलत्या नौकेवर, अंधारांत, ओल्या हातांनीं कापणें अवघड. पिन ओढून खीळ ठोकून काढणें त्या मानानें जलद. ज्यानें शांत वेळीं पिनचे पाय गुंडाळून ठेविले, त्यानें स्वतःच्या सुटकेचा एक मार्ग आपल्याच हातानें बंद केला. त्याच वादळांत आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांच्या नौकेच्याहि डोलकाठ्या मोडल्या. त्यांनीं तात्पुरतें शीड उभारून जखमी अभिलाष यांच्या दिशेनें नौका वळविली. संकटांत हात मोकळे असणाऱ्यालाच दुसऱ्याच्या मदतीस जातां येतें, हें त्यांतून दिसलें.

अभिलाष यांनीं समुद्र सोडला नाहीं. कण्यावर शस्त्रक्रिया होऊन चार वर्षांनीं, ४ सप्टेंबर २०२२ रोजीं, ते त्याच शर्यतींत पुनः निघाले आणि २९ एप्रिल २०२३ रोजीं दुसऱ्या क्रमांकानें ती पुरी केली.

नौकेच्या साजाचा आणखी एक शत्रु आहे, आणि तो दिसत नाहीं. पिनच्या तीक्ष्ण टोकांनीं शीड फाटूं नये किंवा पाय ओरबाडूं नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळण्याची रीत आहे. रीत योग्य; तिचा अतिरेक घातक. न गंजणारें म्हणून जें पोलाद ओळखलें जातें, तें हवेंतील प्राणवायूच्या संपर्कानें पृष्ठभागावर येणाऱ्या अतिसूक्ष्म पापुद्र्यामुळें टिकतें. पट्टीच्या घट्ट वेढ्याखालीं खारें पाणी शिरून कोंडलें म्हणजे तेथें प्राणवायु पोहोंचत नाहीं, पापुद्रा पुनः धरत नाहीं, आणि वरून चकचकीत दिसणारा जोड आंतून कुरतडला जातो. म्हणून पट्टी टोकांपुरतीच लावावी, खालून पाणी निथळावयास वाट ठेवावी, आणि ठराविक काळानें ती सोडून आंत पाहावें. तारेची परीक्षा आणखी सोपी आहे. कापसाचा बोळा किंवा जुनें सुती फडकें तारेवरून फिरवावें. एखादा तंतु तुटून वर आला असेल तर कापूस त्याला अडकतो. नुसता हात मात्र फिरवूं नये, कारण तोच तंतु सुईसारखा बोटांत शिरतो. एक तंतु तुटलेला आढळला तर ती तार बदलण्यास योग्य झाली असें समजावें. उरलेले तंतु तोच भार वाहून तितकेच थकलेले असतात.

धातूची खीळ येण्यापूर्वीं लोक काय करीत, असा प्रश्न कोणी विचारील. सातवाहनांच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचें जहाज कोरलेलें आढळतें, आणि अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत तीन डोलकाठ्यांचें जहाज रंगविलेलें आहे. त्या चित्रावरून स्फूर्ति घेऊन गोव्यांत बांधलेलें ‘कौण्डिन्य’ हें जहाज मे २०२५ मध्यें कारवार येथें भारतीय नौदलांत दाखल झालें. त्याच्या फळ्या खिळ्यांनीं ठोकलेल्या नाहींत; काथ्याच्या दोरानें शिवलेल्या आहेत. या रीतींत सुरक्षितता एका खिळीवर सोंपविलेली नसते. दोराचे अनेक वेढे भार वांटून घेतात. एक पेड झिजला तर तो डोळ्यांना दिसतो, आणि दुसरे पेड दुरुस्तीपुरता अवधि देतात. धातू बळकट, पण तो आपला थकवा लपवितो. दोर दुबळा, पण तो आपला थकवा दाखवितो. म्हणूनच आजचा दर्यावर्दी पोलादी साज वापरीत असूनहि दोऱ्याचीं बंधनें जागोजागीं ठेवितो.

हें सर्व ऐकून धाराशिवच्या शेतकऱ्यानें आपल्या अंगणाकडे पाहावें. उसाच्या हंगामांत ट्रॅक्टरमागें दोन दोन ट्रॉल्या भरून कारखान्याकडे जातात. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी जी जाड खीळ, तिच्या खालच्या छिद्रांत एक लहानशी पिन असावयाची असते. ती हरवली म्हणजे कोणी सुतळी बांधतो, कोणी खिळ्याचा तुकडा वांकवून घालतो, आणि कोणी कांहींच घालीत नाहीं. सपाट रस्त्यावर ओढ कायम असते, खीळ आवळलेली राहते आणि सारें ठीक चालतें. उतार लागला, ट्रॉली पुढें ढकलूं लागली कीं जोड ढिला पडतो, खीळ खड्ड्याखड्ड्याला उसळते. आणि पुढच्या चढावर कित्येक टन ऊस मोकळा होऊन मागें येतो. त्या वेळीं मागें कोणाची सायकल असेल, शाळेंतून परतणारीं मुलें असतील.

समुद्रावर जो नियम, तोच रस्त्यावर. जोड ताठ असतांना तो पक्का आहे अशी समजूत करून घेऊं नये. ढिला पडल्यावर तो टिकेल काय, एवढेंच पाहावें. पिन मापाची असावी, नवी असावी, आणि पक्कडीच्या एका दाबानें निघेल अशीच बसविलेली असावी. निघण्यापूर्वीं खाली वांकून ती हातानें चांचपावी. तेरच्या गाडीवानाला जें ठाऊक होतें आणि ‘तारिणी’वरील खलाशी जें रोज करितात, त्याला मिनिटाहून अधिक वेळ लागत नाहीं.